बर्फवाल्याची नोंदवही

एकतीस वर्षं मी ससून डॉकवर बर्फ केला.
कॅनमध्ये गोडं पाणी, कॅनभोवती मिठाचं.
मिठाचं उणे दहालाही वाहतं राहायचं
आणि त्याच्या कुशीत गोडं पाणी दगड व्हायचं.
दर दोन तासांनी तापमान, दाब, सही : ज. तांडेल.
खारं का गोठत नाही, कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मासळी थांबत नसते.

आता सुनेत्रा विचारते. माझी धाकटी.
लाहौलमध्ये झाडांच्या सालीला तारा लावून बसलीय.
रविवारी रेंज मिळाली की भूर्जाचं सांगते :
"बाबा, त्याला आधीच कळतं.
दिवस आखडला, तेवढ्यानं.
मग पेशीपेशीतलं पाणी ते हळूच बाहेर काढतं,
भिंतींमधल्या बोळांत नेऊन ठेवतं.
गोठायचं तर तिथं गोठ, म्हणतं.
आत उरतो दाट पाक.
त्याला बर्फ शिवत नाही."

मी म्हटलं, अगं, हा तर आमचाच कारखाना,
सदऱ्यासारखा उलटा घातलेला!
न गोठणारं आत, गोठणारं बाहेर.
ती इतकी हसली की रेंज गेली.

पण अचानक नको, म्हणाली पुढच्या रविवारी.
एका रात्रीत उणे वीस आलं तर भूर्जही जातो.
आधी जरा गार, मग जास्त, मग कडक,
महिना-दीड महिना लागतो अंगवळणी पडायला.
मला माझा पहिला आठवडा आठवला :
बोटं लाल, मग पांढरी, मग माझी नव्हतीच.
फोरमन पडवळ ओरडला, चोळू नको, काखेत धर!

आणि केळीचं रोप आठवलं,
पडवळच्या बायकोनं डालड्याच्या डब्यात लावून दिलेलं.
एका रात्री टाकीच्या फळ्यांवर विसरलो.
बर्फ लागला नव्हता. नुसता गारवा.
सकाळी पानं शिजवल्यासारखी, काळी, लोळलेली.
"पेशीचं आवरण तुपासारखं थिजतं," सुनेत्रा म्हणाली,
"मग आतलं सगळं गळतं.
थंडीतली झाडं आधीच तुपाचं तेल करून ठेवतात.
केळीला कोण शिकवणार?"

मुंबईला तरी कोणी शिकवलंय?
अठरा झालं की वॉचमन खोक्यांची शेकोटी करतो,
वडाळ्याच्या आमच्या कॉलनीत माकडटोप्या निघतात
डांबरगोळ्यांचा वास घेऊन.
मी उणे दहाचा माणूस, तरी स्वेटर घालतो.
रिटायर झालं की सवय सुटते.
वसंतात झाडांचीही सुटते म्हणे,
आणि तेव्हा एखादी उशिराची रात्र घात करते.

जानेवारीत एका रविवारी ती बोललीच नाही, आवाज पाठवला.
रात्री अडीचचा. उणे चोवीस.
शांतता. तिचा श्वास. मग एकच ठणका,
खोड उभं चिरलं.
मी तो चारदा ऐकला.
कॅन साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटताना
अगदी हाच आवाज यायचा.
लिहिलं, झाड मेलं का?
उत्तर बुधवारी :
नाही. उन्हाळ्यात चीर बुजवत आणतं. व्रण राहतो.
तुला थंडी वाजते का, हे मात्र मी विचारलं नाही.
ती काय म्हणेल ते ठाऊक होतं.

कारखाना बंद झाला तेव्हा एक कोरी नोंदवही घरी आणली होती.
थर्मामीटर सुतळीनं खिडकीबाहेर सोडलाय.
सोळा. साडेसोळा. सोळा.
विहिरीजवळच्या रायवळाला एवढंसं पुरतं.
एवढंही नसलं तर तो नुसती पानं काढत बसतो.
पहाटे पाच. डॉकवर लिलाव सुरू झाला असेल.
दाबाच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं,
तिथं लिहिलं : मोहर, समुद्राकडच्या फांदीला.
सही : ज. तांडेल.